लाकडी पाळण्याची घडण

कपाट, पलंग, देव्हारा या वस्तू एका जागी स्थिर राहाव्यात म्हणून सुतार त्या घडवतो. पाळणा आणि झोपाळा हे अपवाद, आणि त्यातही पाळण्याचे काम जास्त जोखमीचे. लहान स्टँडवरच्या पाळण्याचा एक झोका जेमतेम सव्वा सेकंदाचा असतो. म्हणजे तासभर झोके दिले तर जवळजवळ तीन हजार वेळा सांध्यांवरचा ताण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. खुर्ची दहा वर्षांत जेवढी हलत नाही तेवढा पाळणा एका महिन्यात हलतो. म्हणून पाळण्याचा कस नक्षीत लागत नाही. तो कुठून टांगला आहे, सांधे कसे बसवले आहेत आणि गजांमधले अंतर किती ठेवले आहे, या तीन गोष्टींत लागतो. बाजारात मात्र गिऱ्हाईक आधी नक्षी बघते.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत हा टांगण्याचा प्रश्न घरानेच सोडवलेला होता. माजघरात किंवा पडवीत डोक्यावर सागाची तुळई असे, तिला लोखंडी कड्या ठोकलेल्या असत, आणि सुतार बलुतेदार जो पाळणा करून देई तो फक्त एक चौकट असे. चार खूर, त्यांना जोडणारे गाते, बाजूंना कातीव गज, तळाला नवार. पाय नाहीत, स्टँड नाही. दोर किंवा साखळ्या लावून तो तुळईला अडकवला की झाले. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने पाळणाही बहुतेक वेळा माहेरचाच असे, आणि एकच पाळणा चुलत-मावस भावंडांच्या घरी वर्षानुवर्षे फिरत राही. काम झाले की तो सोडून माळ्यावर टाकता येई. हलका, सुटसुटीत पाळणा ही त्या फिरतीची गरज होती.

उंच तुळईचा आणखी एक फायदा होता. झोक्याचा वेग वजनावर अवलंबून नसतो, टांगण्याच्या लांबीवर असतो. एक मीटर लांबीच्या लोलकाला एक पूर्ण झोका घ्यायला दोन सेकंद लागतात, दोन मीटरच्या लोलकाला पावणेतीनहून थोडे अधिक, आणि चाळीस सेंटिमीटरच्या लोलकाला फक्त सव्वा सेकंद. तुळईवरून लोंबणारा पाळणा म्हणूनच संथ हेलकावतो आणि स्टँडवरचा पाळणा घाईत असल्यासारखा. पाळणा भारी केला की झोका मंद होईल, असे काही जण मानतात. तसे होत नाही. शिवाय पाळण्याच्या लांबी-रुंदीइतक्याच अंतरावर तुळईला चार कड्या मारून चार समांतर साखळ्या सोडल्या, तर झोका घेतानाही पाळण्याचा तळ आडवाच राहतो. चारही साखळ्या वर एकाच आकड्यात गोळा केल्या तर प्रत्येक झोक्याबरोबर तळ कलतो आणि पाळणा स्वतःभोवती फिरूही लागतो. जुन्या वाड्यांत काही तुळयांना चार कड्यांच्या खुणा अजून दिसतात, त्या यासाठी.

स्लॅबच्या घरात तुळई राहिली नाही. छतात असतो तो पंख्याचा हूक, आणि तोही एकच. मग पाळण्याला पाय आले. दोन बाजूंना उलट्या व्हीसारख्या दोन घोड्या, त्यांना जोडणारी खालची आडवी पट्टी, आणि घोड्यांच्या माथ्यावरच्या बोल्टला अडकवलेला पाळणा, ही आजची ओळखीची रचना. पुढे लोखंडी पाइपचा, जाळीचा, घडी होणारा पाळणा आला आणि त्याने लाकडी पाळण्याची बाजारपेठ बरीच खाल्ली. शहरांत बारशापुरता सजवलेला पाळणा भाड्याने आणण्याचीही सोय आहे. तरी लाकडी पाळणा करून घेणारी घरे आहेत, आणि फावल्या वेळात सुतारकाम करणाऱ्यांना पहिला मोठा प्रकल्प म्हणून पाळणाच सुचतो. नातवंडासाठी आजोबांनी रंधा हातात घेणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अडचण एवढीच, की तुळईच्या काळातली पाळण्याची मापे स्टँडवर तशीच उचलून चालत नाहीत.

मापांची सुरुवात बाळापासून होते. जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते आणि सहाव्या महिन्यात ती ६५ च्या पुढे जाते. त्यामुळे आतून ८५ सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद एवढी जागा पुरते. गादीच्या वर बाजूची उंची किमान २० सेंटिमीटर हवी. तळापासून ३५ सेंटिमीटर ठेवली तर पातळ गादी घालूनही भरपूर उरते. यापेक्षा मोठा पाळणा करण्याचा मोह होतो, पण मूल मोठे झाले की ते पाळण्यात राहतच नाही, आणि लाकूड, वजन व अडगळ तेवढी वाढते.

खरा हिशेब गजांचा. दोन गजांमधून बाळाचे धड सरकून बाहेर येईल पण डोके अडकेल, अशी फट सगळ्यांत घातक असते. अमेरिकेत बाळांच्या पलंगांसाठी १९७३ साली नियम झाला, तेव्हा ही फट दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंचापेक्षा, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरपेक्षा, जास्त नसावी असे ठरले. ८५ सेंटिमीटरच्या बाजूला दोन सेंटिमीटर जाडीचे ११ गज बसवले, तर १२ फटी पडतात आणि प्रत्येक फट सव्वापाच सेंटिमीटरची होते. कागदावर हे नियमात बसते. पण गज कातीव असेल तर तो सगळीकडे दोन सेंटिमीटर जाड नसतो. मणी, कळस, सुरई काढताना खरादी त्याची मान १२ मिलिमीटरपर्यंत उतरवतो, आणि दोन शेजारी गजांच्या माना एकाच उंचीवर येतात. तिथे फट आठ मिलिमीटरने वाढून सहा सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणून कातीव गज लावायचे असतील तर ११ ऐवजी १२ घ्यावे लागतात. मग जाड भागाजवळ फट ४.७ आणि मानेजवळ ५.५ सेंटिमीटर राहते. आखूड बाजूला सहा गजांनी हेच माप साधते. चारही बाजू मिळून ३६ गज. अनेक देखण्या पाळण्यांत गजांची संख्या कमी दिसते, कारण कातकामाची मजुरी गजावर असते. हा खर्च वाचवण्यासारखा नाही. कोपऱ्याच्या खुरांवर कळस काढण्याची हौसही आवरती घ्यावी. वर निघालेल्या टोकाला बाळाचे अंगडे किंवा गळ्यातला दोरा अडकतो.

बाजूला गजच का, भरीव फळी का नाही, याचे उत्तर हवामानात आहे. युरोपातले जुने पाळणे फळ्यांचे, डोक्याकडे छत असलेले आणि खाली वक्र पट्ट्यांवर डोलणारे असत, कारण तिथे बाळाला झुळकेपासून वाचवायचे असे. कोकणात किंवा विदर्भात झुळूक हवीच असते.

लाकूड बहुतेक जण साग घेतात, आणि ते बरोबरच आहे. महाराष्ट्रात आलापल्ली आणि बल्लारपूरकडच्या सागाचे नाव मोठे आहे. साग फार जड नाही. घनमीटरला सुमारे साडेसहाशे किलो भरतो. त्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, आणि वाळताना तो आकसतोही कमी. त्याचे दोन त्रास सुतारांना चांगले ठाऊक असतात. लाकडात सिलिका असल्याने हत्यारांची धार लवकर बसते, आणि तेलामुळे सरस नीट धरत नाही. म्हणून सांध्याचा भाग ताजा तासून, स्पिरिटने पुसून लगेच चिकटवावा लागतो. शिसव देखणे असते पण वजनदार, आणि आता महागही. शिवण हलके, कमी वाकणारे आणि कातायला मऊ. गजांसाठी ते उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्तात मिळते, मात्र त्याला भुंगा लागतो आणि दोन पावसाळ्यांत चौकट पिळवटू शकते. फणसाचे पिवळे लाकूड काळाबरोबर तांबूस होत जाते. कोकणात ते घरच्या झाडाचे असले तर पाळण्याला त्यासारखे दुसरे नाही. प्लायवुड वापरायचे झाल्यास त्यातल्या फॉर्मल्डिहाइडचा विचार करावा लागतो, कारण बाळाचे नाक त्यापासून वीतभर अंतरावर असणार आहे.

लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले पाहिजे. फळ्या चिरून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवतात. इंचभर जाडीला वर्षभर असा ढोबळ हिशेब आहे. पुरते वाळलेले लाकूडही गप्प बसत नाही. जुलैत ते हवेतली ओल घेऊन फुगते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आकसते, आणि हा बदल लांबीत जवळजवळ शून्य, पण रुंदीत लक्षात येण्याजोगा असतो. वार्षिक वलयांच्या दिशेने लाकूड जेवढे आकसते, ते वलयांच्या आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. पावसाळ्यात केलेला पाळणा होळीला कुरकुरू लागतो, तो यामुळे.

सांध्यांत खिळा चालत नाही. हलत्या ओझ्याने खिळ्याभोवतीचे तंतू दबत जातात आणि खिळा हळूहळू बाहेर येतो. बाळाच्या हाताशी तो येणे परवडणारे नाही. गात्याच्या टोकाला कुसू काढायचे आणि खुरात त्याच मापाची खाच कोरायची, ही जुनी पद्धतच इथे योग्य. खूर साडेचार सेंटिमीटर जाड असेल तर कुसू त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुताराच्या भाषेत पाच सूत, ठेवतात. त्याहून जाड कुसू काढले तर खुराच्या भिंती पातळ होऊन फाटतात. खाच पटाशीने दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी कोरतात, म्हणजे दुसरीकडची कड उखडत नाही. कुसू हाताने दाबून जाईल पण गदगदणार नाही इतपत घट्ट हवे. हातोडीने ठोकून घालावे लागत असेल तर ते अजून तासायला हवे. आरपार सांध्याला बाहेरून बांबूची खुंटी मारली की सरस सुटला तरी सांधा सुटत नाही. जोडणी करताना चारही कोपरे गुण्याने तपासतात, पण अखेरची खात्री कर्ण मोजून होते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, मग दुसऱ्या कर्णावर. दोरीत फरक पडला तर शिकंजा तिरका लावून चौकट सरळ करायची, सरस सुकण्यापूर्वी.

गजांच्या बाबतीत जाणत्या कारागिरांची एक युक्ती आहे. गजाचे टोक गात्याच्या भोकात साधारण दोन सेंटिमीटर आत जाते. दोन्ही लाकडे सारखीच वाळलेली असली तर पुढे टोक आकसून सैल होते आणि गज बोटाने फिरू लागतो. म्हणून गज जोडणीपूर्वी काही दिवस उन्हात किंवा चुलीच्या उबेला ठेवून गात्यापेक्षा जास्त सुकवतात. बसवल्यावर ते हवेतली थोडी ओल घेतात, भोकात फुगतात आणि कायमचे अडकतात. सरस लावला नाही तरी असे गज निघत नाहीत.

कातकामाची रीत फारशी बदललेली नाही. चौकोनी पट्टीचे कोपरे तासून ती आठपैलू करायची, खरादाच्या दोन टोकांत बसवायची आणि फिरत्या लाकडावर हत्यार धरायचे. पूर्वी दोरी ओढायला एक माणूस लागे, आता मोटर आहे. छत्तीस गज सारखे दिसावेत म्हणून पहिला गज झाला की त्याच्या खुणा एका पट्टीवर उतरवून घेतात आणि उरलेले गज त्या पट्टीवरून काढतात. थोडाफार फरक राहतोच. यंत्रावर कोरलेल्या गजांत तो नसतो आणि ते लगेच ओळखू येतात.

रंगकाम याच खरादावर होते. लाख हा कीटकाचा स्राव; पळस, बोर, कुसुम या झाडांवर तो मिळतो. शुद्ध करून, रंग कालवून त्याच्या कांड्या बनवतात. गज वेगाने फिरत असताना कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, कारण ती ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते. मग केवड्याचे पान दाबून थर सारखा करतात आणि झळाळी आणतात. या कामात देशभर नाव आहे ते गुजरातेतल्या छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या संखेडा गावाचे. तिथले खरादी-सुतार झोपाळे, पाळणे आणि बैठकी सागातून करतात. आधी कथलाच्या रुपेरी भुकटीने नक्षी काढतात, ती अकीकाच्या दगडाने घासून चकचकीत करतात आणि वरून लाख चढवतात. लाखेच्या पिवळसर थरातून चांदीसारखी नक्षी सोन्यासारखी दिसू लागते. त्यात सोने नसते. संखेड्याच्या फर्निचरला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. महाराष्ट्रात लाकडी वस्तूंच्या रंगकामाची परंपरा सावंतवाडीची. तिथली चितारआळी लाकडी फळे, खेळणी आणि गंजिफांसाठी ओळखली जाते, आणि खेळण्यांना पांगाऱ्याचे हलके लाकूड चालते. पाळण्याच्या चौकटीला पांगारा चालणार नाही. तो वर टांगायच्या चिमणाळ्यातल्या पोपट-मोरांसाठी ठेवावा. हे चिमणाळे आखूड दोऱ्यांनी, बाळाचा हात पोचणार नाही इतके वर टांगायचे असते.

रंगाचा मुद्दा फक्त दिसण्याचा नाही. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. रंगातले शिसे पोटात गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेले पाळणे घराघरांत आहेत, आणि पणजीच्या वेळचा पाळणा घासून पुन्हा रंगवण्याची हौसही आहे. घासताना जी धूळ उडते तीत ते शिसे असू शकते. असा पाळणा शोभेला ठेवणे बरे. नव्या पाळण्याला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश सगळ्यांत निर्धोक. हीच लाख औषधाच्या गोळ्यांना आणि मिठायांनाही लावतात. जवसाचे कच्चे तेलही चालते, फक्त सुकायला बरेच दिवस घेते. त्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात, हे अनेकांना खोटे वाटते.

तळ कसला असावा यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे सहसा जमत नाही. सुती नवारीचा तळ हवेशीर असतो, पण काही आठवड्यांत सैल पडून मध्ये खळगा होतो. झोळीचा आकार तर खळग्याचाच असतो. शेतात झाडाच्या फांदीला साडीची झोळी बांधून कामाला लागणाऱ्या बाईपुढे दुसरा पर्याय नसतो. घरात तो असतो. खळग्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून बाळाला सपाट, टणक पृष्ठभागावर उताणे झोपवावे, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. सुताराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की खालच्या गात्यांना आतून पट्टी मारून तिच्यावर लाकडी फळकुटांचा सपाट तळ ठेवावा, फळकुटांत हवेपुरत्या फटी सोडाव्यात, आणि गादी पातळ व चारही कडांना भिडणारी असावी. नवारीचाच आग्रह असेल तर ती दर पंधरवड्याला ओढून घट्ट करावी लागेल. गजांना आतून बांधायची मऊ लोड-गादी दिसायला गोंडस असते. तिची गरज नाही.

स्टँडच्या पाळण्यात सगळ्यांत जास्त चुका टांगण्याच्या बिंदूत होतात. हा बिंदू उंच हवा. किती उंच, ते साध्या हिशेबाने कळते. पाळणा आठ किलोचा आणि बाळ सहा किलोचे आहे असे धरू. बाळ कुशीवर वळून मध्यापासून १२ सेंटिमीटर बाजूला सरकले तर पाळणा त्या बाजूला कलणारच. दोघांच्या एकत्रित गुरुत्वमध्यापासून बिंदू फक्त १५ सेंटिमीटर वर असेल तर पाळणा १९ अंश कलतो आणि बाळ घरंगळून गजांना नाक लावून बसते. बिंदू ३० सेंटिमीटर वर नेला की कल दहा अंशांच्या आत येतो, आणि ६० वर नेला तर पाचाच्याही आत. दहा अंश हा आकडा महत्त्वाचा आहे. २०२२ साली अमेरिकेने कायदा करून त्यापेक्षा जास्त उताराच्या बाळांच्या बिछान्यांवर बंदी घातली. तुळईला टांगलेल्या पाळण्यात हा प्रश्नच उद्भवत नसे. स्टँड बुटका आणि सुबक दिसावा म्हणून बिंदू वरच्या गात्याच्या पातळीवर आणणारे पाळणे आज विकायला आहेत, आणि ते टाळलेले बरे.

बिंदूवर लाकडावर लाकूड घासू देऊ नये. जाड पोलादी बोल्ट, त्याभोवती पितळेचा बुश, आणि नट सुटू नये म्हणून दुहेरी नट किंवा आरपार पिन. घोड्यांचे पाय पाळण्याच्या रुंदीपेक्षा बाहेर हवेत, म्हणजे शेजारच्या थोरल्या भावंडाने जोरात हिसका दिला तरी स्टँड उलटत नाही. पाळणा झोपेच्या वेळी स्थिर ठेवता यावा म्हणून एका बाजूला अडकवण्याची खुंटी असावी. बाळ झोपल्यावर झोका चालू ठेवायचे कारण नसते.

काम पुरे झाल्यावर पाळण्यात बाळाच्या तिप्पट वजनाची धान्याची पिशवी ठेवून तास-दोन तास झोके द्यावेत आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेवून कुठे हालचाल जाणवते का ते पाहावे. सांधा बोलत असेल तर तो आताच कळतो. बारशाला अनेक घरांत टोपडे घातलेला वरवंटा बाळासारखाच पाळण्याच्या वरून-खालून फिरवला जातो आणि पाळण्यातही ठेवला जातो. ओझे तपासण्यासाठी ही रीत पडली असे म्हणायला आधार नाही, पण दगड आधी आणि बाळ नंतर हा क्रम सुताराला पटण्यासारखा आहे.

वापरात असताना महिन्यातून एकदा बोल्ट आवळावेत, बुशला तेलाचा थेंब द्यावा आणि साखळी असल्यास तिची झिजलेली कडी बदलावी. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले किंवा कुशीवरून पालथे होऊ लागले की पाळण्याचे दिवस संपले. हे साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास होते; कुणाचे थोडे आधी, कुणाचे नंतर. त्यानंतर पाळणा सोडवून, कोरड्या फडक्याने पुसून, जमिनीपासून वर टांगून ठेवतात, कारण भिंतीला टेकवून उभा केला की वाळवीला वाट मिळते. ऊन लागेल अशा जागी नको, नाहीतर लाख तडकते. बोल्ट, बुश आणि पिना एका पिशवीत घालून ती पिशवी गात्यालाच बांधावी. दुसऱ्या घरी पाळणा पोचतो तेव्हा हरवलेली असते ती हीच पिशवी, आणि मग कुणीतरी मिळेल तो बोल्ट त्या भोकात घालते.